हवेतली धडधड आणि जमिनीवरचं दरपत्रक

ऑनसाइटला जाऊन आलेली चार टाळकी एकत्र जमली की गप्पा ठरलेल्या वळणांनी जातात. व्हिसा, डॉलरचा भाव, फ्रँकफर्टचा लेओव्हर... आणि रात्री अकरानंतर कोणीतरी हळूच 'तो' विषय काढतंच. विमानात बसलं की माणूस जरा जास्तच रोमँटिक होतो, हे खरं का? मग एकजण हवेच्या दाबाचं कारण सांगतो, दुसरा फुकटच्या वाइनचं, तिसरा एअर होस्टेसचं. सगळे हसतात आणि विषय संपतो.

माझ्या डोक्यात असे विषय लवकर संपत नाहीत. गेले तीन-चार वीकेंड यावरच वाचत बसलो होतो. सुरुवात केली शरीरशास्त्रापासून, आणि पोचलो अमेरिकन सरकारच्या भाडं ठरवणाऱ्या मंडळापाशी. तिथून थेट कोर्टात. हे सगळं कसं जोडलेलं आहे ते आज सांगतो. चहा घेऊन बसा, लेख लांबलाय.

आधी दंतकथा

जून १९१४. पॅरिसजवळ सीन नदीकाठी विमानं सुरक्षित कशी होतील यावर एक स्पर्धा भरली होती. तिथे लॉरेन्स स्पेरी नावाच्या एकवीस वर्षांच्या अमेरिकन पोरानं दोन्ही हात वर करून विमान उडवून दाखवलं. त्याचा मेकॅनिक चालत्या विमानाच्या पंखावर जाऊन उभा राहिला, तरी विमान सरळच! जायरोस्कोपवर चालणारा ऑटोपायलट तो हाच.

दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९१६ मध्ये, न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडच्या किनाऱ्यालगत स्पेरीचं विमान पाण्यात कोसळलं. सोबत विमान शिकायला आलेली एक विवाहित, खानदानी बाई होती. दोघं वाचले. वाचवायला गेलेल्यांना दोघांच्याही अंगावर कपडे सापडले नाहीत, आणि धक्क्यानं कपडे निघाले असं स्पेरीनं सांगितलं, ही त्यापुढची दंतकथा. 'माइल हाय क्लब'चा मूळपुरुष म्हणून त्याचं नाव घेतात ते यावरून. ऑटोपायलटचा पहिला 'ऑफ लेबल' वापर म्हणा हवं तर :-)

पण ही गोष्ट झाली एका श्रीमंत, धाडसी माणसाची. विमान आणि शृंगार ही जोडी आपल्यासारख्या इकॉनॉमी क्लासवाल्यांच्या डोक्यात शिरली ती पुढे, आणि ती काही आपोआप शिरली नाही.

शरीराचं म्हणणं काय?

हवेच्या दाबाची थिअरी आधी निकालात काढू. प्रवासी विमान पस्तीस हजार फुटांवर असलं तरी केबिनमधला दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितका ठेवतात. म्हणजे महाबळेश्वरापेक्षा वर, सिमल्याच्या आसपास. रक्तातला ऑक्सिजन काही टक्क्यांनी उतरतो, हवा कोरडी असते, त्यामुळे थकवा येतो आणि डोकं जड होतं. विरळ हवेनं इच्छा वाढत असती तर सिमल्याला हनिमूनला जाणाऱ्यांचं एक वेळ ठीक, पण तिथे कायम राहणाऱ्या पोस्टमास्तरांचं काय झालं असतं?

धडधडीची थिअरी मात्र जास्त दमदार आहे. कॅनडात व्हँकुव्हरजवळ कॅपिलानो नावाचा झुलता पूल आहे. साडेचारशे फूट लांब, पाच फूट रुंद, आणि खाली दोनशे तीस फुटांवर नदी. डोनाल्ड डटन आणि आर्थर अ‍ॅरन या दोन मानसशास्त्रज्ञांनी तिथे एक प्रयोग केला. तो १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. पूल ओलांडणाऱ्या तरुण पुरुषांना एक तरुणी गाठायची, चित्र दाखवून त्यावर छोटीशी गोष्ट लिहायला सांगायची आणि शेवटी स्वतःचा फोन नंबर द्यायची. "माहिती हवी असेल तर फोन करा." हाच प्रकार जवळच्या एका भक्कम, ठेंगण्या लाकडी पुलावरही केला.

झुलत्या पुलावर नंबर घेणाऱ्या १८ जणांपैकी ९ जणांनी फोन केला. भक्कम पुलावरच्या १६ पैकी फक्त २ जणांनी. झुलत्या पुलावरच्यांच्या गोष्टीही जास्त चावट होत्या. दोघांनी अर्थ लावला तो असा : छाती धडधडत होती भीतीनं, पण समोर मुलगी दिसल्यावर मेंदूनं त्या धडधडीचं श्रेय तिला देऊन टाकलं.

आकडे लहान आहेत, हे कबूल. पण २००३ मध्ये सिंडी मेस्टन आणि पेनी फ्रोलिक यांनी रोलर कोस्टरवर असाच अभ्यास केला. राइड घेऊन उतरलेल्यांना फोटोतला अनोळखी चेहरा, राइडची वाट बघणाऱ्यांपेक्षा जास्त आकर्षक वाटला. गंमत म्हणजे आपल्या जोडीदाराबरोबर बसलेल्यांमध्ये हा फरक दिसला नाही. शेजारी आपलं माणूस असलं की धडधडीचा अर्थ बदलतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर शरीर नुसता इंटरप्ट पाठवतं. त्याचा हँडलर दुसरीकडे लिहिलेला असतो. टेकऑफला छातीत धडधड होते ती सगळ्यांनाच. त्या धडधडीला कोण रामरक्षेकडे वळवतं, कोण खिडकीकडे, आणि कोण समोर ट्रे घेऊन उभ्या असलेल्या बाईकडे. तर मग विमानातल्या धडधडीचा हा तिसरा हँडलर कोणी लिहिला?

सुरुवातीला त्या नर्स होत्या

विमानसेवेतले पहिले परिचारक पुरुष होते. १९१२ मध्ये जर्मनीतल्या झेपेलिन हवाई जहाजावर हाइनरिश कुबिस नावाचा गृहस्थ प्रवाशांची सरबराई करायचा. अमेरिकेत १९३० पर्यंत हे काम मुलगे नाहीतर सहवैमानिकच करत.

मग सॅन फ्रान्सिस्कोत एलन चर्च नावाची एक नर्स बोइंग एअर ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गेली. तिला विमान चालवता येत होतं आणि नोकरी पायलटची हवी होती. ती मिळणं शक्यच नव्हतं. तेव्हा तिनं तिथले मॅनेजर स्टीव्ह स्टिम्पसन यांच्या गळी दुसरीच कल्पना उतरवली : विमानात नर्स ठेवा. लोक उडायला घाबरतात, आजारी पडतात. बाईमाणूस बिनधास्त विमानातून हिंडतंय म्हटल्यावर पुरुषांना घाबरायची लाज वाटेल!

कंपनीनं आठ नर्स घेतल्या. अटी अशा : वय पंचविशीच्या आत, वजन ११५ पौंडांच्या आत, उंची पाच फूट चार इंचांपेक्षा जास्त नको, आणि लग्न झालेलं नको. १५ मे १९३० रोजी ओकलंडहून शिकागोला पहिली फेरी निघाली. तेरा थांबे, वीस तास.

इथे जरा थांबून बघा. धडधड तीच, भीतीची. पण तेव्हाचा हँडलर सांगत होता, "घाबरू नका, नर्स आहे." बाई विमानात आली ती प्रवाशांची नाडी शांत करायला. पुढच्या पस्तीस वर्षांत तिचं काम बरोब्बर उलटं कसं झालं?

एकच भाव, मग विकायचं काय?

याचं उत्तर आहे दरपत्रकात. १९३८ मध्ये अमेरिकेनं कायदा करून विमान कंपन्या सरकारी नियंत्रणाखाली आणल्या. कोणी कुठल्या मार्गावर उडायचं आणि भाडं किती घ्यायचं हे सिव्हिल एरॉनॉटिक्स बोर्ड ठरवायला लागलं. शिकागो ते न्यूयॉर्क कुठल्याही कंपनीनं जा, भाडं तेच. विमानंही त्याच दोन-तीन कारखान्यांतली. हे राज्य चाळीस वर्षं चाललं.

समजा, उद्या सरकारनं ठरवलं की पुण्यातल्या प्रत्येक हॉटेलात मिसळ एकाच भावात विकायची, आणि तर्रीसुद्धा एकाच कंत्राटदाराकडून घ्यायची. मग हॉटेलवाले भांडणार कशावर? खुर्च्यांवर, पडद्यांवर, आणि वाढायला कोण येतं त्यावर. विमान कंपन्यांचं नेमकं तेच झालं.

आधी भांडणं जेवणावर झाली. आंतरराष्ट्रीय भाडी कंपन्यांच्याच 'आयाटा' या संघटनेत ठरत. १९५८ मध्ये अटलांटिकवरच्या स्वस्त वर्गात फक्त सँडविच द्यायचं असा नियम झाला. तर स्कँडिनेव्हियन कंपनी एसएएसनं पावावर मांस-मासळी-चीज रचून अख्खं जेवणच 'सँडविच' म्हणून वाढलं. पॅन अ‍ॅमनं तक्रार केली, आणि सँडविच कशाला म्हणावं यावर मोठमोठ्या माणसांनी बैठका घेतल्या. एसएएसला दंडही झाला.

सँडविच संपल्यावर नंबर लागला बायकांचा. त्या काळी अमेरिकेत विमानानं जाणारे बहुतेक पुरुष, आणि तेही कामासाठी, कंपनीच्या खर्चानं. १९६५ मध्ये ब्रॅनिफ नावाच्या कंपनीनं मेरी वेल्स या हुशार जाहिरातवालीला गाठलं. तिनं विमानं रंगीबेरंगी केली, इटलीच्या एमिलिओ पुच्चीकडून होस्टेसचे कपडे शिवून घेतले आणि 'एअर स्ट्रिप' नावाची जाहिरात आणली. प्रवास पुढे सरकेल तसतशी होस्टेस वरचा एकेक थर उतरवून आतला नवा पोशाख दाखवते, अशी ती कल्पना. 'स्ट्रिप' या शब्दावरचा श्लेष कोणाच्या नजरेतून सुटणार होता!

१९६७ मध्ये 'कॉफी, टी ऑर मी?' हे पुस्तक आलं. दोन होस्टेसच्या रंगेल आठवणी म्हणून ते लाखोंनी खपलं. प्रत्यक्षात ते लिहिलं होतं डोनाल्ड बेन या गृहस्थानं, आणि तो होता एका विमान कंपनीच्या जनसंपर्क खात्यातला. ज्या 'आठवणी' वाचून पुरुष विमानात चढत होते, त्या एका पुरुषानंच लिहिलेल्या होत्या.

१९७१ मध्ये नॅशनल एअरलाइन्सनं कळस केला. एका होस्टेसचा हसरा चेहरा आणि खाली ओळ : "मी शेरिल. मला उडव." त्याच साली टेक्सासमध्ये साउथवेस्ट सुरू झाली. हॉट पँट्स, उंच बूट, आणि सगळ्याला 'लव्ह'चा टॅग. दारूला 'लव्ह पोशन', खाऊला 'लव्ह बाइट्स'.

आता एक शंका तुमच्यापैकी कोणीतरी काढणारच. साउथवेस्ट फक्त टेक्सास राज्यात उडत होती, त्यामुळे तिला ते केंद्रीय दरपत्रक लागूच नव्हतं. मग तिला याची काय गरज? शंका रास्त आहे. दरपत्रकानं ही भाषा जन्माला घातली, पण तोवर ती अख्ख्या धंद्याची बोली झाली होती. विमान म्हणजे अशीच पोरगी, हे गिऱ्हाइकाच्या मनात पक्कं बसल्यावर नव्या दुकानदारानंही तीच पाटी लावली. आपल्याकडे १९९४ मध्ये खासगी कंपन्यांना आकाश मोकळं झालं, भाव पाडायची मुभाही होती. तरी २००५ मध्ये किंगफिशर आली तेव्हा लाल स्कर्ट आणि मालकाचा स्वागताचा व्हिडिओ, हे मिश्रण आपल्याला ओळखीचं वाटलंच की नाही?

बिल कोणी भरलं?

या जाहिरातींची दुसरी बाजू नियमांच्या पुस्तकात होती. लग्न केलं की नोकरी गेली. दिवस गेले की नोकरी गेली. अमेरिकन एअरलाइन्सनं १९५३ पासून बत्तीसाव्या वर्षी घरी बसवायला सुरुवात केली. ठरलेल्या दिवशी वजनकाटा. कमरेला घट्ट पट्टा घातलाय की नाही, हे सुपरवायझर हात लावून तपासायच्या. इच्छा विकायची तर माल 'ताजा' आणि 'मोकळा' दिसायला हवा, हे त्यामागचं गणित.

१९६५ मध्ये वयाच्या नियमाविरुद्ध दाद मागायला होस्टेस अमेरिकन संसदेच्या एका समितीपुढे गेल्या. तेव्हा जेम्स शॉयर नावाच्या सदस्यानं थट्टेनं काय म्हणावं? उभ्या राहा, म्हणजे समस्येचा आकार आम्हाला दिसेल! त्या बायका नोकरीचं बोलायला आल्या होत्या आणि तिथेही त्यांची मापंच काढली गेली. हे वाचल्यावर मी लॅपटॉप मिटून जरा बाहेर चक्कर मारून आलो.

कोर्टात आलेली धडधड

माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात भारी खटला एका पुरुषाचा आहे. मायामीच्या सेलिओ डियाझनं १९६७ मध्ये पॅन अ‍ॅमकडे केबिनमधल्या नोकरीसाठी अर्ज केला. "आम्ही फक्त बायका घेतो" म्हणून तो परत आला. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानं नोकरीत स्त्री-पुरुष भेद करायला बंदी होती, म्हणून तो कोर्टात गेला.

पॅन अ‍ॅमनं साक्षीला आणलं कोणाला? डॉक्टर एरिक बर्न! ट्रान्झॅक्शनल अ‍ॅनालिसिसचा जनक. सॉफ्ट स्किल्सच्या ट्रेनिंगमध्ये 'पेरेंट, अ‍ॅडल्ट, चाइल्ड'चे तीन गोल बघून ज्यांनी जांभया दिल्यात, त्यांना हे नाव आठवेल. बर्नचं म्हणणं असं : विमानाची केबिन ही बंद पेटी आहे. आत प्रवाशाच्या मनात तीन गोष्टी चालतात : धास्ती, कंटाळा आणि उत्साह. तिन्हींना बाई जास्त चांगली हाताळते. पुरुष परिचारक फार मर्दानी वाटला तर पुरुष प्रवासी मनातून चिडतो, आणि कमी मर्दानी वाटला तरी त्याला ते रुचत नाही.

म्हणजे रात्री अकरानंतरचा आपला विषय शपथेवर कोर्टात मांडला गेला होता. आणि १९७० मध्ये खालच्या कोर्टानं तो मान्यही केला!

१९७१ मध्ये अपील कोर्टानं निकाल फिरवला. त्यांचं म्हणणं अगदी सरळ होतं. विमान कंपनीचं मूळ काम प्रवाशांना सुखरूप पोचवणं हे आहे. वातावरण प्रसन्न ठेवणं हे वरचं काम. गिऱ्हाइकाला काय आवडतं यावरून नोकरी कोणाला द्यायची ते ठरत नाही. नाहीतर ज्या आवडी-निवडी मोडायला कायदा केला, त्याच आवडी कायदा मोडायचं कारण होऊन बसतील.

दहा वर्षांनी, १९८१ मध्ये, साउथवेस्टवरही असाच खटला झाला. ग्रेगरी विल्सन आणि त्याच्यासारखे नाकारले गेलेले शंभरावर पुरुष. कंपनी म्हणाली, 'लव्ह' हीच आमची ओळख आहे. कोर्ट म्हणालं, तुम्ही विमानं उडवता, त्यामुळे बायकांचं आकर्षण हे तुमचं जाहिरातीचं साधन झालं, धंदा नव्हे.

या सगळ्यात बायकांच्या मनात काय चालतं, हे मात्र कोणी विचारलेलं दिसत नाही. एरिका जाँगची 'फिअर ऑफ फ्लाइंग' ही कादंबरी १९७३ मध्ये गाजली त्यामागे हेही कारण असावं. ती सुरू होते मनोविश्लेषकांनी भरलेल्या व्हिएन्नाच्या विमानात. खुर्चीत भेदरून बसलेली आणि स्वतःच्या इच्छांबद्दल बोलणारी व्यक्ती तिथे बाई आहे.

आणि मुंबई?

हे सगळं तिकडचं, असं म्हणून सुटका नाही. एअर इंडियाचं मुख्यालय तेव्हा मुंबईत, नरिमन पॉइंटला होतं. आणि तिथलं नियमांचं पुस्तकही ओळखीचं होतं. एअर होस्टेसनं निवृत्त व्हायचं पस्तिसाव्या वर्षी. नोकरीला लागल्यापासून चार वर्षांत लग्न केलं तर त्याआधी. पहिल्यांदा दिवस गेले तर तेव्हा. पस्तिशीनंतर मुदतवाढ द्यायची की नाही ते मॅनेजिंग डायरेक्टरच्या मर्जीवर. त्याच विमानात काम करणारे पुरुष पर्सर अठ्ठावन्नपर्यंत.

नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी याविरुद्ध लढल्या. २८ ऑगस्ट १९८१ रोजी सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला. तरुण आणि आकर्षक होस्टेस अवघड प्रसंग जास्त चांगले हाताळतात, हा युक्तिवाद तिथेही झाला होता. न्यायमूर्ती फझल अली यांनी तो निव्वळ अटकळ आणि स्त्रीत्वाचा अपमान म्हणून झटकून टाकला. गरोदरपणाचा नियम रद्द झाला, साहेबाची मर्जीही रद्द झाली. चार वर्षं लग्न न करण्याची अट मात्र राहिली. त्यासाठी कोर्टानं जी कारणं दिली, त्यात कुटुंबनियोजनाला हातभार लागतो हेही एक होतं! अर्धा विजय म्हणायचा. पण त्या वर्षी टेक्सास आणि दिल्ली या दोन टोकांच्या कोर्टांपुढे एकच प्रश्न उभा होता, हे मला विलक्षण वाटतं.

मग आता?

अमेरिकेत १९७८ मध्ये भाड्यावरचं नियंत्रण उठलं. भाव पाडता यायला लागल्यावर गिऱ्हाइकानं काय निवडलं? स्वस्त तिकीट! गुडघे समोरच्या सीटला टेकले तरी चालेल, पण पाचशे रुपये वाचले पाहिजेत, हे आपण सगळेच दर दिवाळीला सिद्ध करतो. दरपत्रक गेल्यावर जुन्या जाहिरातींमागचं कारण गेलं, आणि कोर्टांनी त्यांचं साधन काढून घेतलं.

१९८३ मध्ये आर्ली हॉक्शिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंचं 'द मॅनेज्ड हार्ट' आलं. त्यांनी डेल्टा कंपनीच्या फ्लाइट अटेंडंट्सचा अभ्यास केला होता. हसू मनातून आल्यासारखं दिसावं याचं रीतसर प्रशिक्षण दिलं जातं, आणि ते हसणं हेही श्रमच आहेत, हे त्यांनी दाखवलं. 'इमोशनल लेबर' हा शब्द तिथून आला. क्लायंट कॉलवर रात्री साडेदहाला "शुअर, नो प्रॉब्लेम" म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना तो वेगळा समजावून सांगायला नको.

थोडक्यात काय, धडधड खरी आहे. ती शरीराची आहे आणि तिच्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ती कोणाकडे वळवायची, हे शिकवायला एक अख्खा धंदा पाव शतक राबला, आणि त्याचं बिल ट्रे उचलणाऱ्या बायकांनी वजनकाट्यावर आणि राजीनाम्यात भरलं. तिचं हसणं हे ड्यूटीवरचं हसणं आहे. ते आपल्यासाठी आहे असं वाटणं, ही पन्नास-साठ वर्षं जुन्या जाहिरातीची आपल्या डोक्यात अजून चालू असलेली प्रोसेस आहे.

असो. स्पेरीच्या ऑटोपायलटबद्दल लिहायला घेतलं तर अजून एक शनिवार जाईल. ते पुढच्या वेळी.